आडात होतं तेच पोहऱ्यात आलं

प्रिय अप्पा,

'तीर्थरूप' लिहिणार होते, पण हात वळला नाही. तुम्ही गेल्यापासून हे पहिलंच पत्र आणि तेही भांडायला, तेव्हा मायना साधाच बरा. फोटोत चंदनाच्या माळेआडून हसताय तसेच हसत राहा आणि ऐका.

आज सकाळी मीनूच्या दहावीच्या परीक्षेचं हॉल तिकीट आलं. श्रीनिवासनी, बापच ते, पापनाशमची गाडी पकडायच्या घाईतही ते शाळेत जाऊन आणलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते बोटांनी चाचपलं, नीट घडी घातली आणि माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "अम्मा, मी इयर्कै तेर्वांत फेल झालेंच कीं. आतां हें पोदु तेर्वु कशाला लिव्हायचं?"

पोदु तेर्वु म्हणजे सरकारी परीक्षा, ते मला कळलं. पण इयर्कै तेर्वु? निसर्गाची परीक्षा? हे हिच्या डोक्यात कोणी भरलं? मग तिचं विज्ञानाचं पुस्तक उघडलं, तेव्हा उलगडा झाला. तुम्ही ज्याला नैसर्गिक निवड म्हणायचात, तिचं तमिळ नाव तेच आहे. निवडीलाही तेर्वु आणि परीक्षेलाही तेर्वु! शाळेत बाई धडा वाचत गेल्या, जे टिकले ते टिकले, जे टिकले नाहीत ते संपले, आणि आमच्या पोरीने मागच्या बाकावर बसून स्वतःचा निकाल ऐकला.

तुम्ही जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंत. या एका शब्दावर किती पोरांचे कान उपटले असतील! आणि तुमच्याच नातीचा कान उपटायची वेळ आली तेव्हा तुम्ही नाही.

हे पत्र बाळबोध अक्षरांत लिहिते आहे, तुम्ही पाटीवर गिरवून घेतलेल्या. पुण्याहून इथे तंजावरला तुमच्यासाठी मासिकं यायची, ती वाचून माझी लिहायची मराठी अशी झाली. बोलायची मात्र अजून आपल्या स्वयंपाकघरातलीच, निम्मी तमिळ. या घरात आता देवनागरी वाचणारं कोणी नाही. श्रीनिवासना ती पोथीवरची नक्षी वाटते. म्हणून तर इथे मन मोकळं करता येतं, कोणाची चोरी नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक नाही, म्हणून सांगते. तुम्ही होतात तेव्हा मीनू नुसती धडपडायची. उंबऱ्याला ठेच, तिन्हीसांजेला खांबाला कपाळ. आपण हसायचो, वेंधळी म्हणायचो. तुम्ही गेल्यावर तिला मदुरैला दाखवलं. डोळ्याच्या आतला पडदा कडांकडून वाळत चालला आहे म्हणाले. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग बाजूचं. आता भर उन्हात तिला फुंकणीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. एकदा एक अक्षर, एकदा एक चेहरा. तेही किती दिवस, कोणी सांगत नाही.

डॉक्टरबाईंनी कागद चाळले आणि मान वर न करता विचारलं, "सोंदत्तुल कल्याणमा?" नात्यातलं लग्न का? श्रीनिवास म्हणाले, "आमाम, मी हिच्या आत्याचाच मुलगा." बाईंनी फक्त 'हं' केलं. अप्पा, तो हुंकार अजून माझ्या कानात आहे! शेजारच्या खुर्चीत मीनू डोळ्यांत औषध घालून बसली होती. डोळे मिटलेले होते, कान नव्हते.

मग त्यांनी समजावून सांगितलं. आम्हा दोघांत एकेक दोष लपलेला. एकेकटा असतो तोवर माणूस धडधाकट, कोणाला पत्ता लागत नाही. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन एकत्र आले की मुलाच्या डोळ्यांत उतरतो. हिच्या डोळ्यांवर औषध नाही. संशोधन चाललं आहे, आशा ठेवा म्हणाल्या. आशा कुठे ठेवू, अप्पा? कोनाड्यात?

आता भांडणाचं मूळ. माझं बी.कॉम. झालं तेव्हा अम्मीने कुंभकोणचं एक स्थळ काढलं होतं. तमिळ घर, मुलगा सरळ. ती म्हणाली, "तमिळ असला मणून काय झालें? माणसं चांगलीं हात." आणि तुम्ही, जे अम्मीशी कधी चढ्या आवाजात बोलला नाहीत, ते तुम्ही ताटावरून उठलात. "हिचीं पोरं मराठी बोलतील काय त्या घरांत? राजवाड्यामागं चार घरं उरलीं आपलीं. तीं पण गेलीं कीं संपलें." आणि आत्याच्या श्रीनिवासशी माझं ठरलं. मलाही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? श्रीनिवास सोन्यासारखे आहेत. पण हा प्रश्न त्यांच्या चांगुलपणाचा नाहीच ना!

तुम्हाला आपल्या परसातल्या आडाचं आठवतं? आठवतं का म्हणून काय विचारते, तुमची खरी प्रयोगशाळा तीच होती. मी लहान असताना नगरपालिकेची माणसं डासांच्या अळ्या खायला त्यात कप्पी, म्हणजे गप्पी, मासे सोडून गेली. बोटाच्या पेराएवढे जीव. तुम्ही मला कठड्याला धरून उभी करायचात. माथ्यावर ऊन आलं की खाली नर चमकायचे, शेपटीवर केशरी, निळे ठिपके.

आणि रविवारी सायकलवर पुढे बसवून तिरुवैयारुच्या वाटेवरच्या कालव्यावर न्यायचात. तिथेही तेच कप्पी, त्याच माणसांनी सोडलेले. पण कालव्यातले मातकट, गाळाच्या रंगाचे. मी विचारलं, यांचा रंग कोणी काढून घेतला? तुम्ही किती खूश झालात त्या प्रश्नाने! पंचा झटकून काठावर मांडी घालून बसलात.

"कोणी काढून घेतला नाहीं, गो. आधीं यांच्यांत पण कोणी भडक, कोणी मंद. इथं विराल मासा हाय, बगळा हाय. भडक शेपटी त्यांना लांबून दिसते, तीच आधीं पोटांत जाते. मंद उरतात, त्यांना पिलं होतात, तीं मंद. त्यांत जें जास्त मंद तें जास्त उरतं. पिढ्या गेल्या कीं कालवाच मातकट. कोण्या एका माशानं रंग बदलला नाहीं. बदलली ती जमात." आणि आडात? आडात खाणारा कोणी नाही, मादीला नखरेल नर आवडतो, म्हणून तिथे भडक रंगाचीच पिलावळ वाढली.

मग तुमचा तो प्रश्न. "सांग रुक्कु, कोठला मासा चांगला?" मी म्हटलं, आडातला. लगेच टपली. "आधीं विचार, पाणी कोठलं?" पुढच्या रविवारी मी शहाणपणाने 'कालव्यातला' म्हटलं, तरी टपली. "पाणी कोठलं तें विचारलंस काय?" तुमचं हे पाणी मला इतकं पाठ झालं होतं की शाळेत बाईंनी चांगला राजा कोण विचारलं तर मी म्हटलं, राज्य कुठलं? तिथेही मारच खाल्ला.

पुढे आडात वाकड्या पाठीची मासळी निघायला लागली. पोहरा वर आला की त्यात एखादी, कण्यात पीळ पडलेली. मी रडले होते. तुम्ही म्हणालात, "आड बंद. आईबाप थोडे. तेंच तेंच रक्त फिरून एकत्र येतं, मग लपलेलं वर येतं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? आडांत होतं मणून पोहऱ्यांत आलं." आणि आडी महिन्यात, म्हणजे आषाढ-श्रावणात, कावेरीचं पाणी सुटून कालवे भरले की तुम्ही दरवर्षी घागर घेऊन जायचात, कालव्यातली मातकट मासळी आणून आडात ओतायचात. अम्मी विचारायची, हें काय खूळ? तुम्ही सांगायचात, "नवें रक्त!"

मासळीला नवं रक्त, अप्पा! मासळीला!

मग माझ्या बाबतीत काय झालं होतं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण? चार घरांचा आपला आड, तेच तेच आते, तेच तेच मामे, आणि तुम्ही त्याच आडात मला परत सोडलंत, कारण भाषा राहायला हवी! राहिली की भाषा! मीनू बोलते, तोडकीमोडकी का होईना. 'मी फेल झालें' हे तिने मला मराठीतच सांगितलं. समाधान झालं तुमचं?

रागावू नका. किंवा रागवा, पण काहीतरी बोला.

एक गोष्ट मला फार खाते. तिरुवैयारुला कावेरीवर पुष्य मंडपाच्या घाटावर आपण शेवटचे गेलो होतो. दिवस कलला होता. मीनू तुमचा हात धरून पायऱ्या उतरत होती आणि तिचं पाऊल अधांतरी पडलं. तुम्ही तिला सावरलंत. ती हसली. तुम्ही हसला नाहीत. परत चढताना तुम्ही पुढे झालात आणि प्रत्येक पायरीला म्हणत गेलात, "पायरी... पायरी... आतां सपाट." मी मागून म्हटलं, काय हे अप्पा, ती काय आंधळी आहे? तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत.

तुम्हाला कळलं होतं ना? वाकडी मासळी पोहऱ्यात पाहिलेला माणूस तुम्ही, तुम्हाला त्या पायरीवर सगळं कळलं होतं ना? मग सांगितलं का नाहीत? त्यानंतर किती बसलात माझ्यासमोर, पान खाल्लंत, वर्तमानपत्र वाचलंत, कॉफी कडू झाली म्हणून कुरकुरलात. एकदा तरी 'रुक्कु, चुकलं' म्हणाला असतात! मी काही तुम्हाला खाल्लं नसतं. कदाचित खाल्लं असतं. पण भांडायला तुम्ही समोर असतात तरी!

आता मीनूला काय सांगू, ते सांगा. मी सगळं करून पाहिलं. देवाचं नाव काढलं, तर म्हणाली, "देवच परीक्षा घेतो काय मग?" शाळेने तिच्यासाठी लेखनिक मिळवून दिला आहे, ती सांगेल आणि दुसरी मुलगी लिहील. मी म्हटलं, बघ किती सोपं. तर म्हणाली, "दुसरीच्या हातानं पास होऊन कोठें जाऊं?" मी ओरडले. मग रडले. श्रीनिवास म्हणाले, "तिला ओढूं नको, रुक्कु. थोडं सोड." सोडू कशी? सोडलं की ती परसात जाऊन बसते.

तिथेच तर आड आहे.

मागच्या महिन्यात मी त्याच्यावर लोखंडी जाळी बसवून घेतली. लोहाराला सांगितलं, पोरीला कमी दिसतं, पाय घसरेल. शेजारणीलाही तेच सांगितलं. श्रीनिवासना मात्र सांगावं लागलं नाही, त्यांनी गुपचूप कुलूप आणून दिलं. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात मंगळसूत्राबरोबर आहे. ज्या कठड्यावर तुम्ही मला उचलून धरायचात, त्याची मला इतकी भीती वाटते, अप्पा! भांडं पडलं तरी मी धावत सुटते. तुमची लेक वेडी होत चालली आहे.

पत्र इथे टाकून उठावं लागलं. दुपारच्या इडियाप्पमचं, तांदळाच्या शेवयांचं, पीठ चाळायचं राहिलं होतं. आता चार वाजून गेलेत, मीनू आत झोपली आहे, आणि जे झालं ते लिहून काढते.

मी चाळण घेऊन बसले. त्या आवाजाने मीनू परसातून आत आली, भिंतीला हात लावत लावत, आणि माझ्यासमोर बसली. तिला चाळणीचा आवाज लहानपणापासून आवडतो. मी चाळत होते, ती ऐकत होती. आणि मला एकदम तुमचं बोलणं आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अम्मी सुपात तांदूळ निवडत होती आणि मी तुम्हाला विचारलं होतं, नैसर्गिक निवड म्हणजे असंच ना, देव खडे काढतो? तुम्ही म्हणालात, "निवड मटलं कीं हात आला. तेर्वु मटलं कीं मार्क देणारा वाद्यार आला. इथं हात पण नाहीं, वाद्यार पण नाहीं. चाळण मण. भोकं हात तेवढीं हात. जें मावतं तें खालीं जातं."

मी मीनूला तिच्या ताताचं, तुमचं, बोलणं तसंच सांगितलं. म्हटलं, "तेर्वु नव्हे गो, चाळण. ताता असंच मणायचा. कोणी मार्क देत नाहीं." तिने हात पुढे केला, चाळणीतल्या कण्यांवरून बोटं फिरवली.

"वर उरलें त्याचं काय करतेस?"

"उपमा. तुला आवडतो कीं कण्यांचा उपमा."

"आणि खालीं पडलें तें इडियाप्पम."

"होय."

मला वाटलं, जमलं. आता ती हसेल, मी हसेन, तुम्ही फोटोत हसालच. पण ती तुमची नात आहे ना! म्हणाली, "पण चाळण आपणहून हालत नाहीं, अम्मा. कोणीतरी हालवतं. माझी कोणी हालवली?"

मी पुन्हा चाळायला लागले.

"मदुरैला मी ऐकलें. सोंदत्तुल कल्याणम. तुमचं लग्न ताताने केलें. त्याला ठाऊक होतें काय?"

अप्पा, त्या क्षणी मी तुमच्यासाठी खोटं बोलू शकले असते. जिभेवर आलं होतं. पण डोळ्यांच्या इतक्या डॉक्टरांनी तिला 'बघू, बघू' म्हणून फसवलं आहे, मला आणखी एक फसवणूक नको वाटली. मी म्हटलं, "मासळीचं ठाऊक होतें त्याला. माणसाचं त्याच्या मनांत आलें काय, मला ठाऊक नाहीं. त्याला भाषा मरेल मणून भय होतें."

तिने चाळणीची कड चाचपली. मग म्हणाली, "म्हंजे त्याने मासळीवर जास्त माया केली." आणि चाळणीला असा हात मारला की पीठ, कण्या, चाळण सगळं उडालं. चूल, भिंत, माझे केस, सगळं पांढरं. मी ओरडले नाही. मला ते बरं वाटलं, खरं सांगते. कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी जोरात केलं होतं.

"जाळी काढ," ती म्हणाली.

"काय मणून?"

"वाकडी मासळी बघायची. काढ."

माझा जीव कसा झाला ते तुम्हाला लिहूनही कळायचं नाही. नाही म्हणावं तर ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसेल. हो म्हणावं तर? किल्ली काढताना मंगळसूत्र अडकलं. कुलूप उघडलं, जाळी सरकवली, एका हाताने दोर धरला आणि दुसऱ्या हाताने तिच्या परकराचा घोळ मुठीत घट्ट धरला. एका हाताने पोहरा कसा ओढणार? वर येतच नव्हता.

ती म्हणाली, "अम्मा, मी उडी नाहीं मारणार. पावाडै सोड. दोन्ही हातानं ओढ."

म्हणजे तिला ठाऊक होतं! इतके दिवस जाळी कशासाठी आहे ते तिला ठाऊक होतं आणि मी आपली लोहाराला सांगत बसले. मी परकर सोडला. अप्पा, तेवढं एक सोडणं मला जन्मात सगळ्यात जड गेलं. दोन्ही हातांनी पोहरा ओढला आणि तिच्यापुढे पांढऱ्या एनॅमलच्या घमेल्यात ओतला.

ऊन डोक्यावर होतं, तिला दिसतं ते तसल्याच उन्हात. ती ओणवी झाली, नाक पाण्याला टेकेल इतकी, आणि मान चिमणीसारखी इकडे तिकडे वळवत एकेक मासा शोधायला लागली. एक सापडला की दुसरा निसटायचा. ती चिडत होती, पुन्हा शोधत होती. मग ओरडली, "अम्मा! वाकडी! ही पण वाकडी! किती झाल्या ह्या!"

होणारच. तुम्ही गेल्यापासून कालव्यातून घागर कोणी आणली?

"हिच्या पोटांत पिलं हात," ती म्हणाली. "काळं दिसतं बघ शेपटीकडं. पाठ अशी, आणि पोटांत पिलं." बराच वेळ ती त्या एका मासळीला आपल्या फुंकणीत धरून राहिली. मला सांगितलंत तेच मी तिला सांगितलं. कालव्यात ही एक दिवसही राहिली नसती, बगळ्याने उचलली असती. आडात जगते, पिलं घालते. मासा चांगला की वाईट हे आधी विचारायचं नाही. आधी विचारायचं, पाणी कुठलं?

तिने पाण्यातून मान वर काढली. नाकाच्या शेंड्यावरून थेंब गळत होता.

"मग माझं पाणी कोठलं, अम्मा?"

तुम्हाला याचं उत्तर येतं का? खरंच विचारते. हे तंजावर, इथले रस्ते, इथल्या बसेस, लेखनिकाच्या हाताने द्यायच्या परीक्षा, पुढे काळोख. यातलं कुठलं पाणी तिचं? माझं तोंड उघडमीट झालं त्या मासळीसारखं. शेवटी म्हटलं, "ठाऊक नाहीं. शोधावं लागेल."

वाटलं होतं, उठून आत जाईल. ती उठली, पण घमेलं घेऊन. मी पुढे धावणार होते, पाय आवरले. तिने कठडा पोटाने चाचपला, घमेलं त्यावर टेकवलं आणि हळूच तिरपं केलं. मासळी खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत तशीच ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "सेरी, बरं. तो धडा वाच. हळू वाच."

मी पिठाच्या हातांनीच पुस्तक घेतलं. पहिल्याच ओळीत तो शब्द आला. तिने मला थांबवलं. "तिथं सल्लडै मण." सल्लडै म्हणजे तमिळमध्ये चाळण, तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, परीक्षेत असं लिहिलंस तर मार्क जातील. म्हणाली, "परीक्षेंत बघतें काय तें. घरांत सल्लडै." आणि मी पूर्ण धडा असा वाचला, इयर्कै सल्लडै, इयर्कै सल्लडै, आणि दर खेपेला ती नाकातून हसत होती. शेवटच्या पानावर झोपली.

ती परीक्षेला बसेल का, मला माहीत नाही. 'बघतें' म्हणाली, 'बसतें' नाही. तिच्या डोळ्यांचंही काही बदललेलं नाही, उद्याचं ऊन आजच्याइतकं उपयोगी पडेल का तेही माहीत नाही. माझी भीती गेली असंही समजू नका. जाळी मी परत सरकवली आहे. कुलूप मात्र लावलं नाही. दर ओळीला उठून परसात डोकावते आहे, ती आत झोपली आहे हे दिसत असूनसुद्धा.

तुम्हाला क्षमा केली का म्हणाल, तर आज नाही. तुम्ही वाईट नव्हतात, अप्पा. तुम्हाला एक गोष्ट मरू द्यायची नव्हती. मलाही आता एकच मरू द्यायची नाही, म्हणून तुमचं थोडं कळतं. पण मीनूसमोर मला उत्तर द्यायला ठेवून तुम्ही फोटोत जाऊन बसलात, याचा राग राहणार.

आता वचन देते ते ऐका. आडी महिन्यात पाणी सुटलं की मी मीनूला घेऊन कालव्यावर जाईन. उतरताना पायरी, पायरी म्हणत जाईन. घागर भरून मातकट मासळी आणू आणि ती तिच्या हातानेच आडात ओतेल. आणि तिला पुढे कोणी आवडलं, किंवा तिच्या मनात कोणी नसलंच, तरी मी घरातलं माणूस तिच्या गळ्यात बांधणार नाही. तमिळ येऊ दे, तेलुगू येऊ दे, कुठलीही भाषा येऊ दे. तिची पोरं मला आजी न म्हणता 'पाट्टी' म्हणतील आणि मराठीतलं एक अक्षर बोलणार नाहीत. तुम्हाला ज्याचं भय होतं तेच मी होऊ देणार आहे.

हे पत्र माझ्यामागे वाचणारं या घरात कोणी नसेल. नसू दे, अप्पा. पोरगी असली म्हणजे झालं.

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच,
रुक्कु